पाहुण्यांच्या मुठी

पिंप्राळा, जळगाव
१४ जुलै २०२५

चि. हितेंद्र यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद हाताच्या सवयीने उतरले. ते परत घेत नाही, पण पुढचं पत्र त्या सुरातलं नाही हे आधीच सांगते. मयुरीची बारावी सुरू झाली. गावाकडे आईची साखर वर-खाली होते. नानाकाकांचा उजवा डोळा पुरता गेला आणि डाव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणतात. मी या महिन्यात जळगाव-धुळे गाडीवर आहे, सकाळी सहाची. खुशाली संपली.

फोन का नाही केला म्हणशील. केला होता, तू मीटिंगमध्ये होतास. मग चांगला हातभर मेसेज लिहिला. त्यावर तू एक अंगठा पाठवलास. पत्राला अंगठा पाठवायचा तर शाई लागते, पाकीट लागतं, पोस्टापर्यंत चालावं लागतं. तेवढी तसदी तू घेणार नाहीस, म्हणजे निदान मला अंगठा तरी बघावा लागणार नाही.

मयुरीनं तुझ्या कंपनीचं पान दाखवलं. ‘अस्सल खान्देश : तीन दिवस, दोन रात्री.’ एकदा डेपोत वाचलं, एकदा घरी येऊन वाचलं. दोन्ही वेळा डोकं फिरलं.

पहिल्या दिवशी सकाळी पाटणादेवी, दुपारी पद्मालय, संध्याकाळी ललिंगच्या किल्ल्यावरून सूर्यास्त! अरे, हेलिकॉप्टर घेतलंस का? अकरा वर्षं मी एसटीत तिकिटं कापतेय. कुठून कुठे किती वेळ लागतो ते मला झोपेतून उठवून विचार. तुझ्या त्या बेतात माणसं सूर्यास्ताला ललिंगला नाही, पारोळ्याच्या पुढे कुठेतरी ढाब्यावर शेवभाजीची वाट बघत बसतील. जेवणात काय, तर शेतात काड्या पेटवून वांग्याचं भरीत. श्रावणात! ज्या घरात आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं शिवत नाहीत, त्या घरच्या मुलानं हे लिहिलंय. आणि तिसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, अजिंठा लेणी. सोमवारी लेणी बंद असतात, हितेंद्र. फर्दापूरच्या थांब्यावर दर सोमवारी कुणीतरी कॅमेरा गळ्यात घालून तोंड पाडून उभा असतो. मी त्या गाडीवर तीन वर्षं काढली आहेत. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पण मला विचारावं असं तुझ्या डोक्यात येत नाही.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. मयुरी तर पोट धरून हसली. पण दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमात मोठा फोटो आहे. जात्यावर बसलेली बाई, डोक्यावर पदर, चेहरा अर्धा वळलेला. खाली लिहिलंय, ‘दळण दळताना गावातील एक स्त्री.’

गावातील एक स्त्री!

त्या स्त्रीला नाव आहे. तिच्या खाकी शर्टावर बिल्ला आहे आणि बिल्ल्यावर नंबर आहे. तू देवपूरला कॉलेजात होतास तेव्हा ही स्त्री शिरपूरहून दर रविवारी एसटीनं डबा घेऊन तुझ्या खोलीवर यायची, सासूशी खोटं बोलून. तुझ्या खोलीतल्या मुलांना माझं नाव माहीत होतं. तुझ्या गिऱ्हाइकांना नाही.

फोटोच्या खाली आपल्या श्रावणातल्या कानबाई देवीचं लिहिलंस. ‘शेतकरी कुटुंबाच्या घरात, त्यांच्यातलेच एक होऊन, शेकडो वर्षांचा उत्सव अनुभवा. रोटांची चव घ्या.’ रोटाची कृतीही दिली आहेस, किती तूप, किती वेळ भाजायचं. रीत मात्र कुठेच दिली नाहीस. तू विसरला असशील तर मी लिहिते. पाठ आहे मला.

कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, घरातली आणि भावकीतली माणसं मोजतात. घरातल्या कर्त्या पुरुषानं एकेकाचं नाव घ्यायचं आणि वडीलधाऱ्या बाईनं त्या नावाची सव्वा मूठ गहू सुपातून उचलून टोपल्यात टाकायची. पूर्ण मूठ आणि वर चिमूटभर. बाप, मुलगा, सून, नातू, बिनलग्नाची लेक, सगळ्यांची. त्याच गव्हाचं घरच्या जात्यावर दळण होतं आणि त्याच पिठाचे रोट. ज्यांच्या नावाची मूठ पडली त्यांनीच ते खायचे. परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, शिवेबाहेर न्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेचा दिवस मावळायच्या आत संपवायचे. एकदा नाव घेतलं की दरवर्षी घ्यावं लागतं. नाव दोनच वेळा निघतं, माणूस मेला तर, किंवा मुलगी सासरी गेली तर.

आता गेल्या वर्षीचं. तू बारा माणसं आणलीस, सहा पुण्या-मुंबईची आणि सहा हॉलंडची. शनिवारी आई सूप घेऊन बसली, मी जात्याशी. आबा थोरले, ते गेल्यापासून नावं घेण्याचा मान तुझा, म्हणून तू समोर बसलास. एकोणीस नावं झाली. आई हात पुसायला लागली तर तू फोन काढलास आणि पुढे वाचायला लागलास, पीटर, मारायका, अनघा, अजून कोण कोण. आई म्हणाली, “हाई कोन शेतस रे?” तू म्हणालास, “आपलाच माणसे शेतस माय, टाक.”

तुला वाटलं, पीठ पुरायला हवं. बारा माणसं जास्त तर बारा मुठी जास्त. साधा हिशेब. लहानपणापासून तू ते बघत आलास आणि तुला ते फक्त पिठाचं माप वाटलं! नाना शेजारी बसले होते. त्यांच्या अंगावर तू आणलेली शाल होती, फोटोत त्यांना खुर्ची होती, त्यामुळे त्यांनी घसा खाकरला तेवढाच.

परिणाम काय झाला ते तुला माहीत नाही, कारण सोमवारी कानबाई नदीवर जायच्या आतच तू माणसं घेऊन लेण्यांकडे पळालास. (बंद होती ना? मयुरीनं हॉलंडवाल्या बाईचा अभिप्राय वाचलाय. बंद फाटकाचा फोटोही आहे. तरी यंदा पुन्हा सोमवारच!) परिणाम असा, की आता आपल्या घरात एकतीस माणसं आहेत. मी मागच्या आठवड्यात गावी गेले तर आई गहू निवडत होती. एवढे कशाला म्हटलं, तर म्हणाली, “त्या बारा जनंसना.” मी म्हटलं, आई, ती सहलीची माणसं, आली आणि गेली. तर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. “नाव लिधं म्हंजे लिधं. आते ते काढता येत नही. त्या बठ्ठा जित्ता शेतस का, तेवढं इचार तुना भाऊले.”

तेव्हा कळव. पीटर जिवंत आहे का? आईला कळायला हवं. ती थट्टा करत नाही. ती रोज देवाजवळ दिवा लावताना त्या बारा जणांचं आयुष्य मागते, नावं येत नाहीत म्हणून ‘ती उंच पोर’, ‘तो दाढीवाला’ असं करत. आणि ते येणार नाहीत म्हटल्यावर त्यांच्या वाट्याचे रोट कोण संपवणार? टाकता येत नाहीत, कुणाला देता येत नाहीत. तुम्ही पुण्यात. भावकीतले आपापले खाऊन जातात. नाना दोन खातात. म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांची, साखर असलेली माझी आई तुपातले रोट पौर्णिमेपर्यंत खाणार. बारा पाहुण्यांचे.

आणि यावर तुझा परवाचा मेसेज, “अक्का, यंदा अठरा जण आहेत, आईला सांग अठरा मुठी वाढव.”

वाचला तेव्हा मी एरंडोलच्या थांब्यावर होते. एका म्हाताऱ्याला त्याचे उरलेले पैसे द्यायचे होते ते मी दुसऱ्यालाच दिले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आता जे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते ते लिहिते.

माझं नाव त्यात नाही, हितेंद्र. बावीस वर्षांची होईपर्यंत होतं. आबा मोठ्यानं घ्यायचे, “दिपमाला”, आणि आईची मूठ पडायची. लग्न झालं, निघालं. ठीक आहे, रीत आहे, मी रडले नाही. पण शिरपूरच्या घरातून मी मयुरीला घेऊन निघून आले त्यालाही आता अकरा वर्षं झाली. तिथल्या देवघरात माझं नाव नाही, इथल्या सुपात नाही. गावात आई अजून सांगते, जावई शिरपूरला नोकरीत असतात, म्हणून दिपमाला मुलीच्या शिक्षणासाठी जळगावला राहते. सोडचिठ्ठीचे कागद होऊन सात वर्षं झाली तरी जावई नोकरीतच आहेत.

आईच्या मनगटात जोर नाही म्हणून ही अकरा वर्षं दळण मीच दळते. मला दळायला चालतं. मळायला चालतं. तव्यावरून काढायला चालतं. तोंडात घालायला चालत नाही. रोट वाढायला घेतले की मी आणि मयुरी ओट्यावर येऊन बसतो आणि आम्हाला तिथे पुरणपोळी देतात. मयुरी लहान होती तेव्हा विचारायची, आपण बाहेर का? मी सांगायचे, आत गरम होतं.

गेल्या वर्षी वाढायला माणूस नव्हतं. तुझी बायको मोहिनी पाहुण्यांबरोबर फोटोत होती, म्हणून तू मला आत बोलावलंस. बारा पाट मांडलेले. मी हातानं दळलेलं, हातानं थापलेलं त्यांच्या ताटात वाढत होते आणि तू त्यांना सांगत होतास की या घरात येणारा प्रत्येक जण कुटुंबातला होतो. तेव्हा त्या उंच मारायकानं माझ्याकडे बोट केलं आणि इंग्रजीत तुला विचारलं, ही आपल्याबरोबर का जेवत नाही?

तू म्हणालास, तिला उपास आहे.

मी बी.कॉम. आहे, हितेंद्र. एवढं इंग्रजी मला कळतं. तुझ्या तोंडावर काहीच नव्हतं. लाज नाही, अडखळणं नाही. पाणी मागावं तसं सहज बोललास आणि पुढच्या ताटाकडे वळलास. तिनं माझ्याकडे बघून हात जोडले, किती श्रद्धाळू बाई म्हणून. मीसुद्धा हात जोडले. वर्षभर मला त्या जोडलेल्या हातांचा राग येतोय. तुझा येतो त्याहून जास्त माझा येतो.

हक्कसोडपत्रावर सही हवी होती तेव्हा तुला माझं नाव, जीवराम हे आबांचं नाव, आडनाव, सगळं बरोबर आठवलं होतं. मी सही दिली. शेत मला नको होतं, आजही नको. तेव्हा उगाच तिकडे अर्थ काढत बसू नकोस.

मला एवढंच हवंय. दोन ऑगस्टला शनिवारी तू गावी ये, एकटा. अठरा माणसांना कुठेही फिरव, चांगली ठिकाणं मी लिहून देते, वेळापत्रकासकट. आईसमोर बस आणि नावं घेताना माझं नाव घे. घराचा कर्ता तू आहेस. तू नाव घेतलंस तर आईची मूठ पडेल आणि नाना काही बोलणार नाहीत. ज्या तोंडानं पीटर म्हणालास त्या तोंडानं दिपमाला म्हण. घेणार नसशील तर मी जात्याला हात लावणार नाही. दळ तू आणि तुझे अठरा.

वाट बघते.

दिपमाला
(गावातील एक स्त्री)

० ० ०

पिंप्राळा, जळगाव
६ ऑगस्ट २०२५

चि. हितेंद्र,

या वेळी आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

स्पीड पोस्टाच्या या पाकिटात राखी आहे. पत्र वाचायच्या आधी बांधून घे, नाहीतर नंतर बांधावीशी वाटणार नाही. मोहिनीला सांग बांधायला.

तुझं उत्तर मिळालं होतं. उत्तर कसलं, मयुरीच्या फोनवर तीन ओळी. मला लिहायचं धाडस नव्हतं म्हणून भाचीला लिहिलंस. ‘अक्काच्या पत्राने खूप वाईट वाटले. पाहुण्यांची सोय दुसऱ्या गावी केली आहे, मी त्यांच्यासोबत असेन. नावांची यादी पाठवतो, नानांना वाचायला सांग. बाकी विषय आत्ता नको, भावकीत प्रश्न निर्माण होतात.’

आणि खाली यादी. एकतीस नावं. मी मयुरीच्या हातातून फोन घेतला आणि वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मी मनात म्हणत होते, मधे कुठेतरी असेल. बसमध्ये आरक्षणाच्या यादीत नाव नसलेला माणूस असाच माझ्या खांद्यावरून वाकून बघतो. त्याला मी कितीदा तोडून बोललेय, नाही म्हटलं ना, उतरा. यापुढे बोलणार नाही.

पीटर होता. मारायका होती. आबांनंतर पाच वर्षांनी जन्मलेला नानांचा नातू होता. तू सावकाश, आठवून आठवून यादी केली होतीस, कुणी राहू नये म्हणून.

दळायला जाणार नाही असं मी लिहिलं होतं. पण शनिवारी पहाटे उठले आणि सहाच्या गाडीवर दुसरी कंडक्टर पाठवून मयुरीला घेऊन गावी गेले. का गेले ते मला विचारू नकोस. आई जात्याशी बसली असती, आणि ते मला बघवलं नसतं.

आई दहा वाजल्यापासून सूप मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसली होती. तू येशील असं तिला वाटत होतं. बारा वाजले तेव्हा मी सांगितलं की तो येणार नाही, यादी आलीय. तिनं नानांना बोलावलं. नानांनी फोन नाकाला लावला, लांब धरला, डोळे बारीक केले, काही जमेना. “माले नही दिसत. तू वाच, दिपमाला,” म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

त्यांनी सहज दिला. त्यांच्या ध्यानातही आलं नाही की आपण काय दिलं.

मी आईसमोर बसले, तुझ्या जागेवर. आणि वाचायला लागले. यादी वाचणं हा माझा धंदाच आहे, आवाज आपोआप चढतो. नाना. काकू. तू. मोहिनी. एकेक नाव, एकेक मूठ, वर चिमूट. मग तुझे पाहुणे आले. त्यांना गाळायचं मी गाडीत ठरवलं होतं. पण आई प्रत्येक नावाला “शे ना जित्ता?” विचारत होती, आणि मी “हो आई, बरे आहेत” म्हणत होते. पीटर बरा आहे की नाही मला काय माहीत! तू कुठे कळवलंस? मारायकाचं नाव मी सगळ्यांत मोठ्यानं वाचलं. त्या एवढ्या माणसांत तिनं एकटीनं विचारलं होतं.

एकतीस झाली. यादी संपली. आईनं हात पुसला नाही. हात गव्हात तसाच ठेवला, मूठ अर्धी मिटलेली. मला वाटलं थकली असेल. मी फोन खाली ठेवला आणि म्हटलं, “दिपमाला.”

आवाज फुटला माझा. यादीतल्या एकतीस नावांना फुटला नव्हता.

नाना म्हणाले, “हाई रीतमा बसत नही.” मी म्हटलं, “नाना, पीटर कोनता भाऊबंद शे आपला?” त्यांनी घसा खाकरला. गेल्या वर्षी खाकरला होता अगदी तसाच. मग उठून ओट्यावर जाऊन बसले.

आईनं मूठ टाकली. गच्च भरलेली, बोटांतून दाणे सांडत होते. वर चिमूट टाकली. मग दुसरी चिमूट टाकली. आणि मान वर न करता म्हणाली, “मनं काम मोजानं शे, बाई. नाव लेवानं नही. अकरा वरीस मी वाट देखी राहिनू, कोनीतरी तुनं नाव लेई म्हनीसन.”

तुला वाटेल मी तिच्या गळ्यात पडले असेन. नाही. मला इतका राग आला की कानशिलं तापली. अकरा वर्षं! ती मूठ धरून बसली होती आणि मी जात्याशी बसले होते, हातभर अंतरावर. ती म्हणायची नाव घेणारा घेईल, मी म्हणायचे मोजणारी मोजेल. तू येत होतास, यादी वाचत होतास, जात होतास. मी तिला म्हटलं, आई, एकदा तरी बोलायचंस. तर म्हणते, “तू भी कोठे बोलनी?” मग आम्ही दोघी भांडलो. चांगल्या तासभर, सूप मधे ठेवून, शेजारची काकू येऊन ऐकून गेली तरी थांबलो नाही. जावयाच्या नोकरीचंही मी काढलं. आई म्हणाली, आते सांगी देसू, नोकरी गई म्हनीसन. आणि त्या भांडणातच मधे तिनं परत गव्हात हात घातला आणि विचारलं, “आनी मयुरीनी?”

मयुरी दारात उभी होती. म्हणाली, आजी, माझी दीड टाक. सव्वानं माझं काय होतंय?

म्हणजे आता आपण तेहतीस आहोत. तुझ्या पानावर दुरुस्ती कर.

रविवारी कानबाई बसली. नथ, हिरवी साडी, केळीचे खांब, सगळं दरवर्षीसारखं. आरती झाली आणि आईनं पाट मांडले. मी सवयीनं ओट्याकडे निघाले होते. मयुरीनं पदर धरून मागे ओढलं. नाना आधीच येऊन आपल्या पाटावर बसले होते आणि ताटाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. त्यांनी जेवण सोडलं नाही. एवढं पुरे आहे मला.

वीस वर्षांनी रोट खाल्ला. सांगू कसा होता? साधा. मीठ नाही, गोडी नाही, थोडा करपलेला, कारण मीच भाजताना तिकडे लक्ष नव्हतं. मला वाटलं होतं रडू येईल. मला वाटत राहिलं, एवढ्यासाठी? एवढ्याशा करपलेल्या तुकड्यासाठी तुम्ही सगळ्यांनी मला ओट्यावर बसवलंत? मग दुसरा घेतला. तो मारायकाच्या वाट्याचा होता. तिचा मीच खाल्ला, नाव घेऊन खाल्ला. आईला पाहुण्यांचे खाऊ दिले नाहीत. मी आणि मयुरीनं मिळून रविवारी पाच संपवले, सोमवारी कानबाई गिरणेत पोचवून, रीतीप्रमाणे नदीची वाळू आणून घरात टाकल्यावर चार. आईची साखर निघताना तपासली, ठीक आहे.

तुला माहीत असावं म्हणून लिहिते, तुझे अठरा पाहुणे ज्या घरी नेलेस त्या घरचा मुलगा काल माझ्या गाडीत होता. त्यांना तिथे रोट दिले नाहीत. म्हातारीनं सांगितलं, फोटो काढा, पुरणपोळी खा, रोटाला हात लावू नका. तू बरोबर होतास म्हणे. परक्याच्या घरची रीत तुला लगेच समजली.

मी जळगावला परत आले, पण शुक्रवारी ड्यूटी संपली की पुन्हा गावी जाणार आहे. शनिवारी पौर्णिमा. तोवर सगळे रोट संपले पाहिजेत. पाहुण्यांचे संपत आले. मोहिनीचा आई खाईल म्हणते.

तुझ्या नावाचा रोट आईनं पितळी डब्यात ठेवलाय. येईल तो, म्हणते. शिवेबाहेर पाठवता येत नाही, नाहीतर राखीबरोबर पाकिटात घातला असता. पुण्याहून शुक्रवारी रात्रीची गाडी पकडलीस तर सकाळी जळगाव. तिथून मी सांगेन त्या बसमध्ये बस. ये. माझ्याशी भांडायचं असेल तर भांड, मी तयारच आहे. आईसमोर बस, डबा उघड, खा.

शनिवारी दिवस मावळेपर्यंत मी डब्याला हात लावणार नाही. मावळला की तुझा रोट मी खाईन. टाकता येत नाही, परक्याला देता येत नाही, आणि आता मी परकी नाही.

आशीर्वाद उरलेत थोडे. घे.

उपास सुटलेली तुझी अक्का,
दिपमाला जीवराम